पेन्सिलीची सही

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, नावामागे डॉक्टरेट आणि नावावर दोन कवितासंग्रह असताना, एका गृहस्थांनी मला चार शब्दांचे एक वाक्य बोलायला शिकवले. शिकवायला त्यांना दहा दिवस लागले आणि मला ते खरोखर बोलायला त्यानंतर साडेतीन वर्षे. वाक्य असे होते: "मी हे वाचलेलं नाही."

त्यांची आठवण मला वासावरून येते. मैद्याची खळ शिजताना जो कोमट, गोडसर, दुपट्यासारखा मऊ वास सुटतो, तो आधी येतो. मग त्यामागून, कसर लागू नये म्हणून खळीत घातलेल्या मोरचुदाचा धातूचा, निळसर वास. निळसर हा शब्द मी जाणून वापरते आहे. काही वासांना रंग असतो एवढे मला कवितेने शिकवले होते; सरांच्या हातावर तो रंग दिसायचा. त्यांच्या उजव्या हाताच्या नखांत एक निळी रेघ कायमची बसलेली होती.

सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. उंच, वाळके, मनगटापर्यंत गोरे आणि पुढे पंजे उन्हाने भाजलेले. शर्टाच्या खिशाला सुतळीने बांधलेले एक भिंग लोंबत असे आणि खांद्यावर खाकी पिशवी. पिशवीत दगड, दाभण, दोरा, दोन पेन्सिली आणि खळीचा स्टीलचा डबा. निवृत्तीनंतर ते वह्या बांधायला शिकले होते. "आयुष्यभर लोकांचे प्रबंध आतून बिघडवले, आता बाहेरून नीट करतो," असे ते सांगत. ते हसत नसत, त्यामुळे आपण हसावे की नाही हे समोरच्याला कळत नसे.

आमच्या विद्यापीठाने तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका विद्यापीठाबरोबर संयुक्त पीएच.डी. सुरू करायचे ठरवले होते. विषय दोन शास्त्रांच्या सीमेवरचा. एका विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक, एक इथला आणि एक तिथला. प्रबंधावर सह्या दोघांच्या. कागदावर ही कल्पना फार देखणी होती. ती अंगी बाणवण्यासाठी इथले सहा आणि तिथले सहा अशा बारा प्राध्यापकांना मे महिन्यात दहा दिवस एका खोलीत बसवण्यात आले आणि आम्हांला शिकवण्याचे काम सरांकडे आले. कोणी सुचवले असेल त्यांचे नाव, देव जाणे. आम्हांला वाटले होते, पडद्यावर तक्ते दिसतील, नियमावली मिळेल, दुपारी चांगले जेवण असेल. जेवण चांगले होते.

तळमजल्यावरची ती लांब खोली वाळ्याच्या कूलरने ओलसर झालेली असे. पहिल्या दिवशी सर आत आले, व्यासपीठावरची टॉवेल टाकलेली खुर्ची त्यांनी उचलून दाराबाहेर ठेवली आणि विद्यार्थ्यांच्या, हाताला फळी लावलेल्या एका अरुंद खुर्चीत गुडघे दुमडून बसले. पिशवीतून विटकरी रंगाचा एक ढेकळासारखा दगड काढून त्यांनी माझ्याकडे दिला.

"जीभ लावा."

"मी?"

"आपणच. आपण कविता लिहिता असं कळलं. जीभ असेल."

शेजारचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक चपापले. "अहो सर, हे स्वच्छ तरी आहे का?"

"साडेसहा कोटी वर्षं जमिनीखाली होता. त्याची खात्री मी देतो. आपल्या कँटीनच्या कपांची देत नाही."

मी जीभ लावली. दगडाने ती क्षणभर धरून ठेवली. कोरडी, रेशमी पकड. मागोमाग उन्हात तापलेल्या कौलावर पाणी शिंपडावे तशी चव. सगळ्यांनी आळीपाळीने, दुसऱ्यांची नजर चुकवत, तो दगड चाटला. मग सर म्हणाले, "आपल्या या भागात कातळाचे थर एकावर एक आहेत. दोन कातळांच्या मध्ये कुठेकुठे ही लाल मातीची चीप असते. झरा बहुतेक तिथे फुटतो. वरचा कातळ म्हणतो, पाणी खालच्याचं. खालचा म्हणतो, वरच्याचं. आपला विद्यार्थी या लाल थरात उभा राहणार आहे. एवढंच सांगायचं होतं. चहा घ्या."

त्या दिवशी त्यांनी खरोखरच आणखी काही सांगितले नाही.

त्यांची तऱ्हा अशी होती. लाल शाई ते वापरू देत नसत. "लाल शाईत बरोबरची खूणसुद्धा चुकीची वाटते." विद्यार्थ्याने पाठवलेल्या प्रकरणाला फोनवरून अंगठ्याचे चित्र पाठवण्याची आमची सवय त्यांना कळली तेव्हा त्यांनी भिंग डोळ्याला लावून ते चित्र बराच वेळ न्याहाळले. "अंगठा उठवायला पीएच.डी. लागत नाही हो," ते म्हणाले. "माझी आजी उठवायची. पण ती आधी कोणाकडून तरी वाचून घ्यायची."

आणि मग ते वाक्य. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी हजेरीऐवजी त्याचा सराव. प्रत्येकाने उभे राहून, समोर विद्यार्थी आणि शेजारी सहमार्गदर्शक बसला आहे असे समजून, मोठ्याने म्हणायचे: मी हे वाचलेलं नाही. ऐकायला किती सोपे. बारा शिकलेली, चष्मेवाली, सभा गाजवणारी माणसे. आणि एकाच्याही तोंडून ते सरळ निघेना.

"मी हे धावतं वाचलं आहे," अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले.

"पाय दुखले असतील. बसा."

"माझ्या नजरेखालून गेलं आहे," दुसऱ्या कोणी म्हटले.

"नजरेखालून पायही जातात. बसा."

"बरंचसं वाचलंय, सर."

"उरलेलं कोण वाचणार? शेजारचे? शेजारच्यांना विचारा, त्यांनी बरंचसं म्हणजे कुठलं वाचलंय ते."

माझ्या शेजारी भूगोलाचे प्राध्यापक असत, त्या दुसऱ्या विद्यापीठाचे. अतिशय सौजन्यशील माणूस. दारातून आत जाताना "आधी आपण, मॅडम" म्हणून असे थांबत की मागे रांग लागे. पुढे आम्ही दोघे एकाच विद्यार्थिनीचे मार्गदर्शक होणार, हे ठरलेले होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला वाटतं, हे मॅडमनी वाचलं असेल." खोली हसली. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य आपल्या वहीत पेन्सिलीने लिहून घेतले.

माझी पाळी आली. मी ते चारही शब्द म्हटले, स्पष्ट आणि शुद्ध म्हटले. सरांनी मान तिरकी केली. "छान. कविता वाचल्यासारखं. आता खरं बोला."

सहाव्या दिवशी त्यांनी सहा जोड्यांना सहा प्रकरणे दिली. कुठल्या तरी जुन्या प्रबंधांतली, चाळीसेक पानांची, त्यांनी स्वतः शिवलेली. जोडीला प्रत एकच. चार दिवसांनी दोघांच्या सहीचा एक अभिप्राय द्यायचा. भूगोलाच्या प्राध्यापकांनी आमची प्रत माझ्यापुढे सरकवली: "आधी आपण." मी ती त्यांच्यापुढे सरकवली: "छे, विषय आपला आहे." शेवटी ती त्यांच्याकडे गेली. नवव्या दिवशी संध्याकाळी ती त्यांनी मला "उत्तम आहे" म्हणून परत दिली. मी चाळली. ज्याला भूगोलाच्या प्राध्यापकांनी उत्तम म्हटले आहे, त्यात मी काय पाहणार? मी लिहिले, "भाषा प्रवाही, मांडणी संयत," आणि सही केली. त्यांनी त्याखाली केली.

शेवटच्या दिवशी सरांनी सहाही प्रकरणे समोर घेतली. हाडाची एक पातळ पट्टी त्यांच्याजवळ होती, कागदाची घडी दाबायची. त्यांनी पहिले प्रकरण मध्यावर उघडले, दोन पानांच्या कडेत ती पट्टी घातली आणि अलगद फिरवली. चर्र. बाविसावे आणि तेविसावे पान खळीच्या एका थेंबाने चिकटवलेले होते. वाचत गेलेल्या माणसाला तिथे अडावेच लागले असते. त्यांनी दुसरे प्रकरण उघडले. चर्र. तिसरे. सहा वेळा तो आवाज झाला. त्या ओल्या, शांत खोलीत तो नवे कापड टरकावल्यासारखा वाटला, आणि प्रत्येक आवाजासरशी कोणीतरी दोघे खाली पाहत होते. आमचे चौथे होते.

"आत काय होतं?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी केविलवाणे विचारले. आत काही गंमत लिहून ठेवलेली असेल, निदान हसून सुटता येईल, अशी त्यांना आशा असावी.

"आत काय असणार? एका मुलाची दोन पानं आहेत," सर म्हणाले. "एकविसाव्याच्या पुढची."

मग, डब्याच्या झाकणावर वाळलेली खळ नखाने खरवडत, त्यांनी आम्हांला ती हकिगत सांगितली. अनेक वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या एका मित्राने मिळून एका विद्यार्थ्याला मार्गदर्शन केले होते. दोघांनीही प्रबंधावर सह्या केल्या. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मधल्याच एका प्रकरणावर प्रश्न विचारला, त्यातला हिशेब मुळातच चुकला होता. "त्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मित्राकडे पाहिलं. मित्र पंख्याकडे पाहत होता. मग मीही पंख्याकडे पाहिलं." त्यांनी झाकण डब्यावर बसवले. "त्यानं पुन्हा प्रबंध दिला नाही. आता बोअरवेल घेतो. आमच्या सोसायटीची त्यानंच घेतली. पाणी कुठे लागेल ते मला न विचारता सांगितलं. बरोबर लागलं."

त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. हाताने उघडून पाहिल्याखेरीज ते पेटीवर सही करीत नसत आणि दुसऱ्याची सही आधीच असली तर त्या पेटीला दुप्पट वेळ लावीत. "दोन सह्या दिसल्या की तिसऱ्यानं वाचावं," असे ते म्हणत, असे सर म्हणत.

तर आमच्या प्रमाणपत्रांवर त्यांनी सह्या केल्या, पण पेन्सिलीने.

"हे वाक्य ज्या दिवशी खरं बोलाल, विद्यार्थ्याच्या तोंडावर, त्या दिवशी हे घेऊन या. शाईनं करून देतो."

कार्यालयात हलकल्लोळ झाला. पेन्सिलीची सही नियमात बसेना आणि सर बधेनात. शेवटी तिथल्या अनुभवी कारकुनांनी बारा प्रमाणपत्रांच्या छायाप्रती काढल्या, त्या फायलीला लावल्या आणि समाधानाने म्हणाले, "झेरॉक्समध्ये पेन्सिल काय नि शाई काय, सगळं सारखंच काळं." मूळ प्रमाणपत्र मी घरी आणून कवितांच्या कपाटात ठेवले. सही सुंदर होती. आणि ती दर वर्षी थोडी थोडी फिकी होत होती.

सर दर महिन्याला फोन करीत. फोनवर ते कशा आहात असे विचारत नसत. "बोला, काय वाचलेलं नाही?" हे त्यांचे हॅलो.

"सगळं वाचलंय, सर," मी हसून म्हणे.

"अरे वा. मग ठेवतो." आणि ते खरेच ठेवीत.

आमच्या विद्यार्थिनीचे नाव माधुरी. विदर्भातून आलेली, बोलायला कमी, चालायला काटक. खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत बायका पाण्यासाठी कोणते शब्द वापरतात आणि त्या विहिरींत प्रत्यक्ष पाणी किती असते, असा तिचा विषय होता. शब्द माझ्याकडे, पाणी भूगोलाच्या प्राध्यापकांकडे. पहिली तीन प्रकरणे मी मन लावून वाचली, कारण ती शब्दांची होती. पाचवे त्यांनी वाचले, कारण ते आकड्यांचे होते. चौथे प्रकरण या दोहोंच्या मधले. शब्द आणि विहिरी शेजारी शेजारी ठेवणारे. ते माझ्याकडे आले तेव्हा पहिल्याच पानावर मला तक्ता दिसला आणि मी म्हटले, हे भूगोलाचे. ते त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांना पहिल्याच पानावर ओवीसारखे काही दिसले असावे. दर सहा महिन्यांच्या अहवालात आम्ही दोघे "प्रगती समाधानकारक" असे लिहून सह्या करीत होतो.

प्रबंध पूर्ण होत आला आणि माधुरीच्या गावाजवळच्या महाविद्यालयात एक जागा निघाली. महिनाअखेरपर्यंत प्रबंध सादर झाल्याचा दाखला हवा होता. तिची आई एकटी होती. त्या जागेसाठी माधुरीने किती दिवस वाट पाहिली होती, ते मला ठाऊक होते.

शेवटच्या बैठकीला ती माझ्या खोलीत, माझ्या टेबलाच्या कडेला बसली होती. भूगोलाचे प्राध्यापक लॅपटॉपच्या पडद्यावर. सह्यांचा कागद माझ्यासमोर.

"तर चौथं प्रकरण मॅडमनी पाहिलंच आहे," ते प्रसन्नपणे म्हणाले. "ते भाषेचं आहे."

मी मान डोलावणार होते. खरे सांगते, हनुवटी खाली यायला निघाली होती. माझ्या जिभेवर वाक्य तयार होते: नाही नाही, ते आपणच पाहिलंय, विहिरींचे आकडे आहेत ना. मग ते म्हणाले असते, हो हो. आणि सही झाली असती.

माधुरीने माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्या पाहण्यात आरोप नव्हता. नुसती वाट होती, फार दिवस पाहिलेली. माझी नजर आपोआप वर गेली. तिथे पंखा होता. संथ फिरत होता, त्याच्या एका पात्याला कोळिष्टक लागलेले होते. ते मला फार स्वच्छ दिसले.

मी नजर खाली आणली.

"मी हे वाचलेलं नाही," मी म्हटले.

आवाज कवितेसारखा अजिबात नव्हता. पडद्यावरचे प्राध्यापक हलले नाहीत. मला वाटले, जोडणी तुटली. म्हणून मी पुन्हा म्हटले. दुसऱ्यांदा ते पहिल्याहून कठीण गेले. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, तो पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आधी जायला मिळाले नाही याचे दुःख व्हावे तशा स्वरात म्हणाले, "मॅडम, मीही नाही."

मी खण उघडला. प्रकरण तिथेच होते, तिने दिले तसे, वर माझ्या अक्षरात फक्त तारीख. मी ते तिच्यासमोर उघडत गेले. चौदाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने, बारीक, एकसारख्या अक्षरांत लिहिले होते: "इथे अडकले आहे. बाया 'पाणी रुसलं' म्हणतात, त्याला काव्य धरू की माहिती? दोघांपैकी कोणीही सांगावे."

दोघांपैकी कोणीही.

"केव्हा लिहिलंस हे?"

"पाच महिने झाले, मॅडम."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं ना. लिहूनच विचारलं होतं." तिचा आवाज तिथे थोडा गावाकडे वळला. "तुम्ही खोडलंबी नव्हतं. मी वाटच पाहून राहिली होती."

त्या महिन्यात प्रबंध सादर झाला नाही. ती जागा गेली. आठ दिवस माधुरी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते आठ दिवस तिच्या हक्काचे होते. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. "बोला, काय वाचलेलं नाही?"

"चौथं प्रकरण, सर."

"मग फोनवर काय करताय? ठेवा. वाचा."

नवव्या दिवशी माधुरी गावांचा नकाशा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. भूगोलाचे प्राध्यापक रात्रीच्या बसने आले. आम्ही तिघे धरणाच्या वरच्या अंगाला, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या वाटांनी विहिरीमागून विहिरी पाहत गेलो. एका विहिरीशी धुणे धुणाऱ्या आजींना मी विचारले, पाणी आटलं का? त्या ओले हात कमरेला पुसत म्हणाल्या, "आटलं न्हाय बाई, रुसलंय. लई मोटरी लावल्या की रुसतंय. चार दिस कुनी हात लावू नका, आपसूक येतंय बगा." आणि माधुरीच्या तक्त्यात, त्या विहिरीसमोर, तेच लिहिलेले होते आकड्यांत: उपसा थांबला की पाचव्या दिवशी पाणी परत. ज्या विहिरींना बायका 'आटली' म्हणत होत्या, त्यांत ते परत येत नव्हते. काव्य की माहिती, हा प्रश्न मी आयुष्यभर एका बाजूने सोडवत आले होते. दुसरी बाजू माझ्या शेजारी टोपी घालून उभी होती आणि तिलाही तो एकटीने सुटत नव्हता.

विहिरीच्या आतल्या अंगाला, दोन कातळांच्या मध्ये, एक विटकरी रेघ होती. तिच्यातून पाणी थेंबाथेंबाने डोळे पुसत होते. माधुरी पायऱ्या उतरून त्या मातीचा एक खडा घेऊन आली. मी तो जिभेला लावला. भूगोलाच्या प्राध्यापकांनी संकोचाने तोंड फिरवले. आणि मग, आपल्याकडे कोणी पाहत नाही असे समजून, त्यांनीही.

चार महिन्यांनी प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी चौथ्याच प्रकरणाला हात घातला. माधुरीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले. मग ती बोलू लागली आणि पुढे तिला कोणाकडे पाहावे लागले नाही. तिला नोकरी लागली ती पुढच्या वर्षी, गावापासून बरीच लांब. आईला भेटायला तिला रात्रभर प्रवास करावा लागतो. त्या अंतराला मी जबाबदार आहे, हे मी तिला सांगितले आहे. ती "असू द्या, मॅडम" म्हणते. मला ते असू देता येत नाही.

परीक्षेनंतरच्या आठवड्यात मी प्रमाणपत्र घेऊन खडकीला सरांच्या घरी गेले. दार सरांच्या पत्नींनी उघडले. "या. सकाळपासून पेनात शाई भरून बसलेत. दोनदा सांडून झाली."

सर खिडकीशी बसले होते. खळीचा वास होता, पण शिळा, फार दिवसांचा. नखांतली निळी रेघ गेली होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागी अंधार आला आहे, कडेकडेने काय ते दिसते, हे मला त्यांच्या पत्नींनी फोनवर सांगितले होते. तरी ते माझ्याकडे तोंड न करता खिडकीच्या चौकटीकडे पाहत बोलू लागले तेव्हा मला क्षणभर वाटले, रागावले आहेत. मग लक्षात आले, मी त्यांना तशीच दिसत होते.

"कोणासमोर बोललात?"

"तिच्यासमोर, सर."

"तिच्यासमोर," ते म्हणाले. "किती वेळा?"

"दोनदा. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही असं वाटलं."

"पहिल्यांदा कोणालाच ऐकू जात नाही."

मी प्रमाणपत्र त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवले. पेन्सिलीची सही आता धुक्यात उडालेल्या पक्ष्याइतकी उरली होती. त्यांनी पेनाचे टोपण काढले. शाईचा ओला, शाळेचा वास खोलीत पसरला. मग त्यांनी पेन पुन्हा खाली ठेवले.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र, सर. आपणच दिलेलं."

"असेल. मला आता अक्षर लागत नाही." त्यांनी कागदावरून तळवा फिरवला. "मी हे वाचलेलं नाही."

मी कागद उचलला आणि वाचू लागले. विद्यापीठाचे नाव, बोधचिन्हाखालची ओळ, जावक क्रमांक, माझे पूर्ण नाव, सगळे. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. "यशस्वीरीत्या असं लिहिलंय?"

"हो."

"तेव्हा ते खोटं होतं. चला, पुढे."

अगदी तळाच्या, नखाएवढ्या अक्षरांतल्या ओळीपर्यंत मी वाचले. मग त्यांनी बोट ठेवायला सांगितले. मी फिक्या सहीच्या सुरुवातीला बोट ठेवले आणि त्यांनी, चेहरा खिडकीकडे ठेवून, बोटाच्या आधाराने सही केली. निबाचे टोक माझ्या नखाला थंड लागले.

"बसली का तिच्यावर?"

"नाही, सर. शेजारी बसली. आता दोन दिसतात."

"दोन?" इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले. "दोन सह्या आहेत म्हणता?"

"हो."

"मग पुन्हा एकदा वाचा."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.